बाईच्या आवाजातले मास्तर

मास्तरांच्या हाताखालून गाडी शिकून गेलेली माणसं गावभर होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला मास्तरांचा आवाज लक्षात होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या छोट्या गाडीत, बाजूच्या सीटवर बसून त्यांनी डॉक्टरांना, वकिलांना, नव्या नवऱ्या मुलींना आणि निवृत्त हेडमास्तरांनासुद्धा रस्त्याच्या मधोमध रडवलं होतं. "आरसा काय भांग पाडायला दिलाय का?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की इंजिनाच्या वर ऐकू जायचा. पण शिकवणं पक्कं. त्यांच्याकडून शिकलेला माणूस सहसा कुठे जाऊन आपटत नसे.

ते मास्तर, म्हणून त्यांची बायको मास्तरीणबाई. त्या कुणाला काही शिकवत नव्हत्या. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात त्या कामाला होत्या. घसरणाऱ्या चष्म्याच्या काड्या गरम करून वाकवायच्या, सैल स्क्रू आवळायचे, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून दोन पावलं मागे सरायचं आणि ती वाकडी तर नाही ना बघायचं. काम शांततेचं होतं. घरी आल्यावर मास्तर बोलत आणि त्या ऐकत. मध्येच त्यांनी एखादं वाक्य सुरू केलंच, तर ते पुरं करायचं काम मास्तर स्वतःकडे घेत, आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करत. तीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मग मास्तरांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरपेटीच काढून टाकली. गळ्याच्या तळाशी एक भोक राहिलं. त्यातूनच ते आता श्वास घेत आणि त्यावर पातळ कापडाचा तुकडा बांधत. नंतर किरणांचे शेक झाले. गळा आतून-बाहेरून असा हुळहुळा झाला की गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेसुद्धा डॉक्टरांनी इतक्यात नको म्हणून सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी मास्तरीणबाई रडल्या नाहीत. नंतरही नाहीत. येणारे-जाणारे म्हणत, बाई मोठ्या धीराची. त्यांना स्वतःला माहीत होतं की धीरबीर काही नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल परक्याचा वाटतो, दातांखाली आला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. भूल मास्तरांना दिली होती. उतरायची राहून गेली ती मास्तरीणबाईंची. त्या वेळेवर उठत, वेळेवर औषधं देत, भोकाभोवतीची जागा पुसून कापड बदलत, दुकानात जाऊन दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवत. कशात काही कमी पडत नव्हतं, आणि आत काही हलतही नव्हतं.

एका रविवारी लेक आणि जावई टॅबलेट घेऊन आले.

"फोनवर अक्षरं बारीक पडतात बाबांना," जावई खोकं उघडत म्हणाला. "हा मोठा आहे. इथे टाइप करायचं, हे बटण दाबायचं, की हा मोठ्याने वाचून दाखवतो. रोजच्या सगळ्या कामांना उपयोगी पडेल, आई. बिलं, भाजी, डॉक्टर, फोन."

"आवाज कसा आहे?" लेकीने विचारलं.

जावई जरा घुटमळला. "आपल्या भाषेत सध्या एकच मिळतो. बाईचा आहे."

मास्तरांनी टॅबलेट मांडीवर घेतला. गिअर धरून धरून राठ झालेलं एक बोट अक्षरांवर फिरत राहिलं. सगळे वाट बघत बसले. शेवटी एक तरुण, स्वच्छ, कुणाशीही कधी न भांडलेली बाई खोलीत बोलली, "मी चहा घेतो."

लेक हसू दाबायला खिडकीकडे वळली. मास्तरीणबाई चहा करायला उठल्या.

पुढच्या आठवड्यात या यंत्राचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, ते दिसायला लागलं. वीजबिल त्याच्यावर झकास भरता यायचं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला मास्तर घरूनच वाक्य तयार करून नेत. तिथे पोचले की बटण दाबत आणि भाजीवाला त्या आवाजाला "हो ताई" म्हणून टोमॅटो तोलायला घेई. मग वर बघून ओशाळा होई. बँकेला फोन लावला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, खातं पुरुषाच्या नावावर आहे, त्यांना फोन द्या." मास्तरांनी टाइप केलं, "मीच तो पुरुष." टॅबलेटमधली बाई ते इतक्या गोडव्याने बोलली की पलीकडच्याने फोन ठेवला. पूर्वीचे मास्तर असते तर बँकेचं छप्पर उडालं असतं. आता त्यांनी नुसता टॅबलेट पालथा ठेवला.

घरातलं बोलणं मात्र वरातीमागून घोडं. मास्तरीणबाईंनी विचारावं, "पंख्याच्या माणसाला बोलावू का?" आणि कपडे वाळत घालून, कणीक मळून त्या येईपर्यंत आतून आवाज यावा, "नको, मी बघतो." तोवर त्यांना प्रश्न आठवत नसे. मध्ये कुणी तोडत नसल्यामुळे त्यांची वाक्यं आता शेवटपर्यंत जात. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली असं कुणालाही वाटेल, ते मिळालं होतं. पण वाक्य संपवून त्या गप्प होत, आणि पुढे सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसे.

महिनाभराने मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांकडे गेले. मास्तरीणबाईही बरोबर गेल्या. मालक भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, तब्येत विचारली. मास्तरांनी घरून तयार केलेलं वाक्य वाजवलं, "मला पुन्हा गाडीवर यायचं आहे."

"मास्तर, तुमची जागा तुमचीच आहे," मालक म्हणाले. "पण गाडीत क्षणाचा खेळ असतो. तुम्ही टाइप करेपर्यंत पोरगं खांबावर चढलेलं असायचं."

मास्तरांनी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. जावयाने तिथे मोठे चौकोन करून दिले होते. एकेका चौकोनाला बोट लावलं की एकेक सूचना. ब्रेक दाबा. क्लच हळू सोडा. आरसा बघा. डावीकडे घ्या. उजवीकडे घ्या. गाडी थांबवा. जावयाने 'शाब्बास' हाही एक चौकोन सुचवला होता. मास्तरांनी तो काढायला लावला होता आणि कारण लिहून दिलं होतं, "लागत नाही."

मालकांनी दोन-तीन चौकोन दाबून पाहिले. "आधी घरच्या कुणावर तरी चालवून दाखवा," ते म्हणाले. "गिऱ्हाइकावर प्रयोग नको. सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी जुनी गाडी घेऊन जा. तुमच्या बाजूचा ब्रेक आहे तिला."

घरचं म्हणजे कोण? लेकीला गाडी येत होती. शेजाऱ्यांची एकाएकी कमरेची दुखणी निघाली. उरल्या मास्तरीणबाई. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्याच्या बायकोला गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा प्रयत्न झाला होता. पहिल्याच चौकात मास्तर असे ओरडले होते की त्या दार उघडून उतरल्या आणि पायी घरी आल्या. तो विषय तिथेच मिटला होता.

"शिकशील का?" त्या आवाजाने विचारलं.

मास्तरीणबाईंना शिकायचं नव्हतं आणि न शिकायचंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "चालेल."

स्कूलच्या मागे एक मोकळं मैदान होतं. जुने टायर उभे करून तिथे वळणं आखली होती. मास्तर आपल्या सीटवर बसले, टॅबलेट मांडीवर, उजवा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. त्यांनी चौकोन दाबला.

"क्लच हळू सोडा."

मास्तरीणबाईंनी सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. त्यांचे खांदे आपोआप आकसले.

"क्लच हळू सोडा," आवाज म्हणाला. तसाच, तितक्याच मायेने.

पुन्हा उडी. पुन्हा तेच वाक्य, त्याच सुरात. चौथ्या-पाचव्या वेळेला त्यांच्या ध्यानात आलं की कुणी ओरडत नाहीये. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चौकोन शिकाऊ गिऱ्हाइकांसाठी केलेले, म्हणून सगळं अहो-जाहो होतं. सोडा. बघा. घ्या. थांबवा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मास्तर त्यांना पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होते. याचं हसू यायला हवं होतं, निदान काहीतरी यायला हवं होतं. त्यांनी क्लच सोडला. या वेळी गाडी चालली.

रोज सकाळी असं चालू झालं. टायरांच्या मधून वळण, मागे घेणं, चढावर थांबून पुन्हा पुढे घेणं. मास्तरीणबाईंचा हात स्थिर होता. चष्म्याच्या बारीक स्क्रूंवर बसलेला. भीती वाटत नव्हती, कारण काहीच वाटत नव्हतं, आणि शिकायला ते एका परीने बरंच होतं. मास्तर बाजूला बसून बघत आणि वेळेवर चौकोन दाबत. अधूनमधून त्यांचे ओठ हलत. त्या हलणाऱ्या ओठांतून पूर्वी काय बाहेर पडलं असतं, ते मास्तरीणबाईंना नेमकं वाचता येई. बाहेर पडे ते मात्र, "आरसा बघा."

मग एक दिवस मास्तरांनी गाडी रस्त्यावर काढायला लावली.

सकाळची वेळ होती, तरी बाजाराचा रस्ता जागा होऊ लागला होता. पावाची गाडी दुकानापुढे रिकामी होत होती. मास्तरीणबाईंनी तिला वळसा घालायला म्हणून गाडी मध्ये घेतली, आणि तेवढ्यात मागून जोरात आलेला एक मोटारसायकलवाला अगदी त्यांच्या दारापाशी आला. मास्तरांनी चौकोन दाबला. पण बॅटरी वाचवायला स्क्रीन आपसूक मंद झाली होती. पहिल्या बोटाला ती नुसती उजळली. दुसरं, तिसरं, चौथं बोट पडेपर्यंत मास्तरांच्या पायाने आपलं काम केलं होतं. गाडी जागच्या जागी खिळली, आचके देऊन बंद पडली. मोटारसायकलवाला आरशाला कोपर घासून, काहीतरी बोलून निघून गेला.

मग शांततेत ती बाई बोलू लागली. "ब्रेक दाबा. ब्रेक दाबा. ब्रेक दाबा."

"बंद करा तिला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांचं बोट घाईत भलत्याच चौकोनावर पडलं. "डावीकडे घ्या," बाई म्हणाली.

"बंद करा म्हणते ना!" मास्तरीणबाई ओरडल्या. आपला इतका मोठा आवाज त्यांनी स्वतः कधी ऐकला नव्हता. "कशाला बसवलंत मला इथे? मेला असता तो. मेले असते मी. महिनोन् महिने तुमचं पुसतेय, धुतेय, बदलतेय, एक अक्षर बोलले नाही. आणि वर गाडी शिका. ही बया मला सांगणार ब्रेक दाबा. तुम्ही कुठे आहात? तुम्ही कुठे आहात, सांगा."

मागे हॉर्न वाजू लागले. मास्तरांच्या गळ्यातल्या भोकातून श्वासाची शिटी येत होती. त्यांनी टॅबलेट सरळ धरला आणि टाइप करायला घेतलं. मास्तरीणबाईंनी चावी फिरवली नाही. पावाच्या गाडीवरचा माणूस हातात ट्रे घेऊन बघत उभा राहिला. एक बोट, एक अक्षर. हॉर्न वाढत गेले. मास्तरीणबाई वाट बघत राहिल्या. त्यांच्या छातीत धडधडत होतं, गाल तापले होते, आणि हे सगळं आपलंच आहे हे त्यांना स्पष्ट कळत होतं.

"आरसा बघितला नाहीस," आवाज म्हणाला.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे डोळे भरले होते, पण नजर गुन्हा शाबीत करणाऱ्याची होती. आणि ते खरंच होतं. त्यांनी आरसा बघितला नव्हता.

"नाही बघितला," त्या म्हणाल्या. त्यांनी चावी फिरवली, आरसा बघितला, आणि गाडी पुढे घेतली. स्कूलपाशी पोचेपर्यंत गालांचा ताप उतरला होता. दुपारी दुकानात त्यांनी शोधून पाहिलं, तर आत पुन्हा जुनंच, गुळगुळीत, न दुखणारं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी टॅबलेट मागच्या सीटवर टाकला. गाडीत ते आता बोटाने पुढच्या फळीवर टकटक करत. टकटक हळू असली तर सांभाळून, जोरात असली तर थांब, आणि आरशासाठी ते सरळ आरशाकडेच बोट दाखवत. या भाषेत अहो-जाहो नव्हतं आणि अगं-तुगंही नव्हतं. मास्तरीणबाई तिच्यावर झरझर शिकल्या.

मालक एके सकाळी मागच्या सीटवर येऊन बसले. बाजारातून, चढावरून, गर्दीच्या चौकातून मास्तरीणबाईंनी त्यांना फिरवून आणलं. उतरल्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुमची गाडी उत्तम. पण मास्तर, खरं सांगू? हे तुम्हा दोघांत चालतं. परक्या माणसाला तुमची टकटक कळणार नाही, आणि हे यंत्र वेळेवर बोलणार नाही. रस्त्यावर मी तुम्हाला नाही पाठवू शकत."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते मालकांच्या आधी कळलं होतं.

"वर्ग घ्याल का?" मालकांनी विचारलं. "नियमांचा, चिन्हांचा. लेखी परीक्षेचा तो वर्ग घ्यायला कुणी तयार नसतं, सगळ्यांना गाडीच हवी. तिथे घाई नाही. घरून लिहून आणा, इथे वाजवा."

असे मास्तर वर्गात गेले. मास्तरीणबाई परीक्षेला बसल्या. पहिल्यांदा गाडी मागे घेताना टायर पाडला, दुसऱ्यांदा पास झाल्या. लेकीने फोनवर अभिनंदन केलं, त्या "हो, हो" म्हणाल्या. तपासणीचा दिवस आला तेव्हा मालकांनी वापरायला दिलेल्या जुन्या गाडीतून मास्तरांना दवाखान्यात त्यांनीच नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, आता फक्त लक्ष ठेवायचं. मास्तर खुर्चीत मागे टेकले. मास्तरीणबाई सुटकेची वाट बघत बसल्या. ती आली नाही. त्यांनी फाइल आवरली, गाडी काढली, आणि वाटेत औषधं घेतली.

दुकानात एक बाई नवीन चष्मा घ्यायला आल्या होत्या. फ्रेम बसवताना बोलणं निघालं. त्यांच्या भावाला झटका आला होता, वाचा गेली होती. "टॅबलेट घ्यावा का म्हणते त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे म्हणे. रोजच्या कामाला उपयोग होतो का हो त्याचा?"

मास्तरीणबाईंनी चष्मा हातात धरून विचार केला. "होतो," त्या म्हणाल्या. "बिलं भरता येतात. बाजारहाट होतो. जे आधी ठरवता येतं ते सगळं होतं. घाईचं काही होत नाही. भांडण तर मुळीच नाही. फोनवर लोक नीट ऐकून घेत नाहीत, म्हणून फोन तुम्हीच लावा. आणि स्क्रीन मंद व्हायचं ते आधी बंद करून घ्या. ते विसरू नका." त्या बोलत राहिल्या. अक्षरं मोठी कशी करायची, नेहमीची वाक्यं कुठे ठेवायची, टिंबं दिली तर ते टिंब टिंब असं वाचत बसतं म्हणून टिंबं द्यायची नाहीत. दुकानदारांनी मान वर करून पाहिलं. इतकं बोलताना त्यांनी मास्तरीणबाईंना कधी पाहिलं नव्हतं.

"आणि भाऊ आपलं म्हणणं मांडेल त्याच्यावर?" बाईंनी विचारलं.

"थोडं थोडं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला थांबावं लागेल."

संध्याकाळी त्या स्कूलवर गेल्या. वर्ग अजून चालू होता. त्या मागच्या बाकावर टेकल्या. फळ्यावर चिन्हं काढलेली होती, टेबलावरून तो स्वच्छ आवाज एकेका चिन्हाचा अर्थ सांगत होता आणि मास्तर पट्टी घेऊन ते ते चिन्ह दाखवत होते. बसलेली माणसं बरीचशी ऐकत होती. एक गृहस्थ डुलक्या काढत होते.

एका शिंप्याने हात वर केला. "सर, एकेरी रस्ता आहे. मी चुकून पुढे गेलो. तर तोंड तिकडेच ठेवून रिव्हर्समध्ये मागे आलो तर चालतं का? तोंड तर बरोबर दिशेलाच आहे."

मास्तरांनी पट्टी ठेवली. ते खुर्चीत बसले आणि टाइप करू लागले. वर्ग थांबला. मास्तर लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. ओठ हलत होते. डुलक्या घेणारे गृहस्थ जागे झाले. मास्तरीणबाईंनी ओठ वाचायचा प्रयत्न केला, पण मागच्या बाकावरून नीट दिसत नव्हतं. त्या किंचित पुढे सरकल्या.

मास्तरांनी पुन्हा काहीतरी लांबलचक खोडलं. मग बटण दाबलं.

"नाही," आवाज म्हणाला.

वर्ग हसला. शिंपीही हसला. मास्तरांनी हात झटकून वर्ग सुटल्याची खूण केली.

गाडीत बसल्यावर मास्तरीणबाईंनी पट्टा लावला आणि चावी न फिरवता विचारलं, "काय खोडलंत?"

मास्तरांनी भुवया वर केल्या.

"त्या शिंप्याला. एवढं लिहिलं होतंत. काय होतं?"

मास्तरांनी मागच्या सीटवरून टॅबलेट ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि एक बोट वर धरून लिहायला लागले.

"आत्ता नको," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चालत्या गाडीत लिहिलंत की तुम्हाला मळमळतं. घरी गेल्यावर लिहा सगळं. मला ऐकायचंय."

मास्तरांनी टॅबलेट बंद केला. मास्तरीणबाईंनी गाडी फाटकाबाहेर काढली.